प्रश्न तुमचे : गाण्यातला प्रकाश

प्रश्न : आमच्या नव्या संगीत नाटकात गाणे सुरू होताच रंगमंच गडद निळा होतो आणि गायिकेचा चेहराच हरवतो. काय करावे?

उत्तर : निळ्याला दोष देण्याआधी तो कोठून येतो ते पाहावे. गडद रंग मागून आणि बाजूने द्यावा. चेहऱ्यावर मात्र समोरून, साधारण ४५ अंशांच्या कोनातून, फिकट पिवळसर प्रकाश मंद ठेवावा, कारण गाण्याचे शब्द प्रेक्षक गायिकेच्या ओठांवरूनही टिपत असतात. नृत्य असल्यास विंगेत पोटरीच्या उंचीवर लावलेले दिवे शरीराला उठाव देतात. प्रकाशातला बदल सेकंदांवर नव्हे, तालावर बांधावा. चार मात्रा आधी सुरू झालेला फेड, म्हणजे प्रकाशाचा हळूहळू होणारा बदल, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) पूर्ण झाला, तर तो खटकत नाही. त्यासाठी प्रकाशयोजनाकार सुरुवातीच्या तालमींनाच हजर हवा. आपल्याकडे त्याला बहुधा रंगीत तालमीलाच बोलावणे जाते.