वॉर्डातून शिकवायला सुरुवात करताना

नर्सचं काम करता करता शिकवण्याकडे वळायचं असेल, तर नर्सिंग कॉलेजात लेक्चर घेण्याची घाई नको. आधी इन्चार्ज सिस्टरना सांगून ठेवा की पुढची बॅच आली की एक विद्यार्थी तुमच्याकडे द्यावा. एकच. त्या दिवशी तुमच्याकडचे रुग्णही थोडे कमी करून मागा, नाहीतर शिकवणं आणि काम दोन्ही अर्धवट राहतं.

कौशल्य शिकवायला सर्जन पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत उत्तम. आधी नेहमीच्या वेगाने, न बोलता करून दाखवा. मग प्रत्येक कृतीचं कारण सांगत सावकाश. तिसऱ्यांदा विद्यार्थ्याने सांगायचं आणि तुम्ही करायचं. चौथ्यांदा त्याने बोलत करायचं. तिसरी पायरीच बहुतेक जण गाळतात, आणि नेमकं तिथेच कळतं की क्रम डोक्यात बसलाय की नाही. हे सगळं मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर. रुग्णाकडे नंतर, त्याची परवानगी घेऊनच.

रुग्णाकडे गेल्यावर सुरुवात श्वसन मोजण्यापासून करा. पूर्ण 60 सेकंद, श्वास मोजतोय हे रुग्णाला जाणवू न देता (जाणवलं तर श्वासाचा वेग बदलतो), नाडीवरचा हात तसाच ठेवून. 15 सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चारची होते.

इन्शुलिन, हेपरिन, पोटॅशियम क्लोराइड ही चूक झाली तर जिवावर बेतणारी औषधं देताना विद्यार्थ्याला क्षणभरही एकटं सोडू नका.

चूक दिसली तर रुग्णासमोर रागावू नका. धोका असेल तर मात्र "थांब" म्हणून लगेच हात थांबवा. बाकीचं बाजूला नेऊन बोला. ड्युटी संपण्यापूर्वी 10 मिनिटं राखून ठेवा आणि आधी त्यालाच विचारा: काय जमलं, कुठे अडलं?

शिकवलेल्याची तारीखवार नोंद ठेवा. पुढे क्लिनिकल इन्स्ट्रक्टरच्या (वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या शिक्षकाच्या) जागेसाठी अर्ज करताना ती दाखवता येते.