मानसोपचार वॉर्डातला केअर प्लॅन: ओरेम की पेप्लाऊ?

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगला आहे. सध्या मानसोपचार वॉर्डात पोस्टिंग आहे. तीव्र नैराश्य असलेल्या एका बाईंचा केअर प्लॅन ओरेमच्या मॉडेलवर, म्हणजे रुग्णाला स्वतःची काळजी कितपत घेता येते आणि कुठे मदत लागते हे पाहून, लिहायचा आहे. त्या अंघोळ टाळतात, अर्धी पोळी खाऊन ताट सरकवतात, बोलत नाहीत. रकाने सगळे भरले, तरी प्लॅन मेडिकल वॉर्डातल्यासारखाच दिसतो. नर्स आणि रुग्णाच्या नात्यावर भर देणारं पेप्लाऊंचं मॉडेल घेऊ का?

उत्तर : ओरेम सोडू नका. डोरोथिया ओरेम यांच्या 8 सार्वत्रिक गरजांपैकी हवा, पाणी, अन्न, उत्सर्जन एवढ्यावरच बऱ्याच जणी जीव ओततात. मानसोपचाराचं काम पुढच्या रकान्यांत आहे: एकांत आणि सहवासाचा तोल, धोक्यांपासून बचाव.

आधी अंघोळ. बाईंना ती कशी करायची ठाऊक आहे, हातपायही चालतात. सुरुवात करणं जमत नाही. म्हणून मदत अंशतःच द्यायची. एका वेळी एकच सूचना: "टॉवेल घ्या." थांबा. मग "चला, बाथरूमपर्यंत जाऊ." तीव्र नैराश्यात सकाळ अनेकदा फार जड जाते, तेव्हा 6 चा हट्ट सोडून 11 ची वेळ ठेवा. "स्वच्छता सुधारेल" हे उद्दिष्ट तपासणार कसं? "3 दिवसांत, दोनदा आठवण केल्यावर स्वतः अंघोळ करतील" असं लिहा. घाईत सिस्टरच अंघोळ घालून मोकळ्या होतात आणि चार्टवर नुसतं "अंघोळ झाली" पडतं. प्लॅन तिथेच फसतो. स्वतः केली, आठवण करून की मदतीने, हे दर शिफ्टला नोंदवा. जेवणाचंही तसंच: किती पोळ्या, किती पाणी, दर आठवड्याला वजन.

धोक्याच्या रकान्याला सर्वांत जास्त वेळ द्या. उपचार सुरू झाल्यावर कधीकधी मन सावरण्याआधी अंगात बळ येतं. चार्ट सुधारला म्हणून देखरेख सैल करू नका. आत्महत्येचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने ते मनात भरत नाहीत. "हो" म्हणाल्या तर त्यांना एकटं न सोडता इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टरांना लगेच कळवा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका.

हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी 1952 मध्ये मांडलेलं नात्याचं मॉडेल सहवासाच्या रकान्यात वापरा. रोज ठरल्या वेळी 10 मिनिटं शेजारी बसा. त्या गप्प राहिल्या तरी वेळेआधी उठू नका. पोस्टिंग कधी संपणार, ते पहिल्याच दिवशी सांगा. निरोपाचा हा टप्पा विद्यार्थिनी हमखास विसरतात, आणि बाईंच्या लेखी आणखी एक माणूस न सांगता निघून गेलेलं असतं. शेवटच्या 2-3 दिवसांत त्या वेळेला पुढे कोण बसणार ते इन्चार्जकडून ठरवून घ्या आणि त्या सिस्टरना सोबत घेऊनच बसा.