वजन उतरल्याशिवाय नाक सुटायचं नाही?

‘मॅडम, हे सगळं वजनामुळेच ना?’ पावसाळा लागला की चिपळूणला समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. सकाळी उठल्याबरोबर शिंका, चोंदलेलं नाक, डोळ्यांना खाज, म्हणजे नाकाची ॲलर्जी. वर घरातल्या कुणीतरी ऐकवलेलं असतं, ‘जरा बारीक हो, आपोआप थांबेल.’ हे ऐकवलं जातं ते बहुतेक बायकांनाच. पुरुषांच्या शिंकांना त्यांचं पोट कारण असल्याचं कुणी सांगितलेलं मी क्वचितच ऐकलंय.

गुहागरकडच्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. शाळेत सगळे बाई म्हणतात, मीही बाईच म्हणते.

बाई आल्या होत्या चिडचिडीसाठी. बोलता बोलता कळलं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा लिहून दिलाय आणि तो कपाटात तसाच पडून आहे.

‘का नाही वापरला?’

‘मूळ दुखणं माझ्या अंगातच आहे. आधी वजन उतरवते, मग औषधाचं बघू.’

त्या रात्री जेवत नसत आणि अकरा वाजता चिवड्याचा डबा उघडत. नाक बंद, म्हणून तोंड उघडं टाकून झोप, ती चार वेळा मोडलेली. पहाटे फिरायला जायचं ठरवलेलं, पण अंगच उचलत नसे. मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी घेतली की दुपारी वर्गात डोळे मिटायचे. आणि या सगळ्याला त्यांच्याकडे एकच नाव होतं, आळस.

मी विषय बदलला. ‘घरात अजून कुणाला शिंका येतात?’

‘सासूबाईंना. पहाटे आमची दोघींची जुगलबंदीच असते.’

‘त्या अंगाने कशा आहेत?’

‘शेवग्याच्या शेंगेसारख्या!’ बाई हसल्या.

‘मग त्यांना कशाने येतात?’

‘अहो, जुनं घर, ओल, कापसाच्या गाद्या. आगोटीच्या आधी गाद्या माळ्यावरून काढल्या की दोन दिवस त्यांचे हालच असतात.’

‘आणि तुम्हाला?’

बाई गप्प झाल्या. मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने धीर धरायचा असतो. उत्तर समोरच्याच्या तोंडून आलं तरच ते त्याचं होतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘म्हणजे त्यांच्या शिंका गादीमुळे, आणि माझ्या माझ्यामुळे, असं मी धरून चालले होते.’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीवर माझी सगळी भिस्त आहे, ती अशा क्षणांमुळे. माणसाला छळते ती नुसती घटना नाही, तिच्याबद्दल त्याने करून घेतलेला समज. ‘बारीक होईपर्यंत बरं व्हायचा मला हक्क नाही’ हा बाईंचा समज होता. तो हातात सापडला आणि मला पुढची वाट स्वच्छ दिसली.

आता खरं काय ते. वजन आणि दमा यांचा संबंध स्पष्ट आहे. वाढलेल्या वजनाने दमा बळावतो आणि वजन उतरलं तर आराम पडतो. नाकाच्या ॲलर्जीबाबत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. उलट बाजूची साखळी अधिक समजण्यासारखी आहे: नाक बंद, झोप अपुरी, त्यामुळे भूक वाढते आणि हालचाल घटते. काही ॲलर्जीच्या गोळ्यांनी झोप येते, काहींनी भूकही वाढते. वारंवार पोटात घेतलेल्या स्टेरॉइडने वजन चढतं. नाकातल्या स्टेरॉइडच्या फवाऱ्यातून अंगात जाणारी मात्रा फार थोडी असते. त्यामुळे ‘स्टेरॉइड आहे, जाडी वाढेल’ या भीतीने तो टाळू नये.

आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. नाकाची ॲलर्जी उठवणारे धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे आणि बुरशी यांना हेच हवं असतं. म्हणून चादरी-अभ्रे आठवड्याला बंबातल्या कढत पाण्यात धुवा, पाणी ६० अंशांच्या आसपास हवं. ऊन पडलं की गाद्या बाहेर. फवारा रोज, नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला. पुरता गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. नाक तात्काळ मोकळं करणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपलीकडे नकोत, नाक पुन्हा जास्तच चोंदतं. गुंगी आणणाऱ्या गोळीला पर्याय असतात, डॉक्टरांना विचारा.

बाईंनी फवारा सुरू केला. झोप लागू लागली आणि चिडचिड कमी झाली, ज्यासाठी त्या आल्या होत्या. रात्री त्या भात-आमटी जेवू लागल्या, चिवड्याचा डबा मागे पडला.

वजनाबद्दल बोललो ते त्यानंतर. काटा फारसा हललेला नव्हता, पण आता त्यांना त्याबद्दल रडू येत नव्हतं. त्यांचे यजमान एकदा सोबत आले, तेव्हा म्हणाले, ‘नाक सुटलं तरी ही घोरते, मध्येच श्वास अडकतो.’ इथे मात्र वजनाचा प्रश्न खरा होता. झोपेत श्वास थांबण्याच्या विकारात वजन हे मोठं कारण असतं. झोपेची तपासणी करून घ्या म्हणून मी त्यांना चिठ्ठी दिली. बाईंनी ती पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, ‘रत्नागिरीला होईल का, की मुंबईला जावं लागेल?’