कार्ड सदोष की एसएमपीएस अपुरा? दावा कोणता, ते त्यावर ठरेल

प्रश्न : मी सांगलीत लग्नसमारंभांच्या व्हिडिओ एडिटिंगचा व्यवसाय करतो. हाताखाली एक मुलगा आहे. तीन आठवड्यांपूर्वी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून ३४,५०० रुपयांचं ग्राफिक्स कार्ड घेतलं. बिल माझ्या स्टुडिओच्या नावाने आहे. इथल्या मेकॅनिकने कार्ड बसवून दिलं. तेव्हापासून एक्सपोर्ट (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की पंधरा-वीस मिनिटांत पीसी हँग होतो, माउससुद्धा हलत नाही, बटण दाबून बंद करावा लागतो. जुनं कार्ड होतं तेव्हा हा त्रास नव्हता. दुकानदार म्हणतो, ‘आम्ही टेस्ट करून दिलं होतं, बिलावर लिहिलंय, विकलेला माल परत घेणार नाही. वॉरंटी कंपनीची आहे, सर्व्हिस सेंटरला जा.’ सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, कार्ड जमा करा, महिनाभर लागेल. दोन लग्नांचं काम अडकलंय. पोलिसात फसवणुकीची तक्रार करावी का? घेण्याआधी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर विचारलं होतं की माझ्याकडे ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) आहे, चालेल का? तो म्हणाला, ‘चालेल, बिनधास्त घ्या.’ पण कार्डाच्या खोक्यावर किमान ६५० वॉट असं छापलेलं आहे.

सल्ला : तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी लिहिलं आहे. व्हॉट्सॲपवरचा तो सवाल-जवाब आधी जपून ठेवा. फोन बदलू नका, ते चॅट डिलीट होऊ देऊ नका, त्याचा बॅकअप आजच घ्या. नुसता स्क्रीनशॉट पुरणार नाही, मूळ संदेश ज्या फोनवर आला तो फोन हाती असू द्या. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत, तो कोणत्या उपकरणातून कसा घेतला हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके काटेकोर नसतात, तरी प्रमाणपत्र जोडाच. समोरच्याला हरकत घ्यायला जागा का ठेवायची?

आता मुख्य मुद्दा. तुम्ही ‘कार्ड खराब आहे’ असं धरून चालला आहात. तसं असेलही. पण पीसी हँग होण्याची कारणं अनेक असतात आणि त्यातलं कोणतं खरं आहे यावर तुमचा कायदेशीर दावा पूर्ण बदलतो. कार्डातच दोष असेल तर दावा सदोष मालाचा. कार्ड ठणठणीत असेल आणि तुमचा एसएमपीएस त्याला पुरत नसेल, तर दावा चुकीच्या सल्ल्याचा, म्हणजे सांगितलेल्या कामाला माल योग्य नसल्याचा. दोन्ही दावे टिकू शकतात, पण त्यांचा पुरावा वेगळा आणि कायद्यातला आधारही वेगळा. आयोगात जाऊन एकाचा पुरावा द्यायचा आणि मागणी दुसऱ्याची करायची, असं झालं तर चांगली केस हातची जाते. हे मी कळकळीने सांगतो, कारण सुरुवातीला दोन-चार दिवस परीक्षेत घालवायचा कंटाळा पुढे सगळ्यात महाग पडतो.

म्हणून आधी परीक्षा. एक गोष्ट मात्र त्याही आधी करा : विंडोज पुन्हा टाकू नका. मेकॅनिक ‘फॉरमॅट मारू’ म्हणेल, त्याला थांबवा. पीसी कधी आणि कसा बंद पडला याची नोंद विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये राहते, फॉरमॅट केलं की ती जाते. ४१ क्रमांकाची कर्नल-पॉवर नोंद एवढंच सांगते की पीसी नीट बंद न होता पुन्हा चालू झाला. कारण ती सांगत नाही, त्यामुळे तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. पण ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरने (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रतिसाद देणं थांबवलं होतं आणि तो पुन्हा सावरला, तर ती बोलकी आहे. या नोंदी फाइल करून पेन ड्राइव्हवर घ्या. विंडोजमधल्या रिलायबिलिटी हिस्टरीचा, म्हणजे बिघाडांच्या तारीखवार नोंदीचा, तक्ताही घ्या. कार्ड बसवलं त्या तारखेपासूनच लाल फुल्या सुरू झालेल्या त्यात दिसत असतील, तर ‘जुनं कार्ड होतं तेव्हा त्रास नव्हता’ या तुमच्या म्हणण्याला तारीखवार आधार मिळतो.

मग जुन्या कार्डाचे ड्रायव्हर पूर्ण काढून नवे टाका. ही साधी पायरी राहून गेलेली असेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न तिथेच विचारेल. तरीही हँग होत असेल तर जुनं कार्ड परत बसवून तोच एक्सपोर्ट चालवा. त्यानंतर नवं कार्ड ६५० वॉटचा किंवा त्याहून मोठा चांगला एसएमपीएस असलेल्या दुसऱ्या पीसीत बसवून तोच एक्सपोर्ट तिथे करा. सांगलीत एखादा व्यवसायबंधू तेवढी मदत नक्की करेल. कार्डाच्या स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंतच वीज मिळते, उरलेली एसएमपीएसच्या वेगळ्या वायरीतून येते. तुमच्या कार्डाला विजेच्या वायरींचे दोन जोड असतील आणि मेकॅनिकने एकाच वायरीला फुटलेल्या दोन टोकांवर ते भागवलं असेल, तर दुसऱ्या पीसीत दोन स्वतंत्र वायरी लावून बघा.

या सगळ्याचं मोबाइलवर चित्रीकरण करा. खोक्यावरचा आणि कार्डावरचा सिरीयल नंबर एकाच शॉटमध्ये दिसू द्या, एसएमपीएसवरचं लेबलही दिसू द्या. मेकॅनिकला त्याच्या लेटरहेडवर काय केलं आणि काय आढळलं ते चार ओळींत लिहून द्यायला सांगा, पुढे त्याचं प्रतिज्ञापत्र करता येईल. कार्डाचा पंखा, स्टिकर, स्क्रू यांना कोणी हात लावू नये, बायॉस फ्लॅश करण्याचा, म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर बदलण्याचा, प्रयोग तर नकोच. एकदा वॉरंटीचं स्टिकर फाटलं की कंपनी त्यामागे लपते.

दुसऱ्या पीसीतही कार्ड हँग झालं, तर मामला सरळ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २ मध्ये ‘दोष’ याची व्याख्या व्यापक आहे : मालाचा दर्जा, प्रमाण, क्षमता यांत असायला हवं त्यापेक्षा कमी असलेलं काहीही त्यात बसतं. त्याच कलमाच्या ४७ व्या उपकलमात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये एक गोष्ट स्पष्ट नमूद आहे : सदोष माल विकल्यावर तो परत घ्यायला आणि बिलात दिलेल्या मुदतीत, तशी मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं. तुमच्या बिलावर परतीची कुठलीही मुदत नाही, नुसतं ‘परत घेणार नाही’ आहे. तेव्हा ३० दिवस धरायचे, असं आपलं म्हणणं राहील. छापील शिक्क्याने सदोष माल ग्राहकाच्या गळ्यात मारायचा परवाना मिळत नाही. मात्र तुमचे तीन आठवडे उलटले आहेत, म्हणून परीक्षा चार दिवसांत उरका आणि ३० दिवसांच्या आत लेखी मागणी पोचवा.

‘वॉरंटी कंपनीची’ हे दुकानदाराचं बोलणं अर्धंच खरं आहे. वॉरंटी ही निर्मात्याने जादा दिलेली हमी आहे, तिच्यामुळे विक्रेत्याची स्वतःची जबाबदारी संपत नाही. पैसे त्याने घेतले, करार तुमचा त्याच्याशी झाला. तक्रारीत दुकानदार आणि आयातदार किंवा निर्माता, दोघांनाही सामनेवाले करा. आयातदाराचं नाव-पत्ता खोक्यावर छापलेला असतो, म्हणून खोकं टाकू नका.

दुसऱ्या पीसीत कार्ड व्यवस्थित चाललं, तर? बहुतेक लोक इथे खचतात आणि नवा एसएमपीएस विकत घेऊन गप्प बसतात. तुम्ही बसू नका. मालविक्री कायदा, १९३० चं कलम १६ म्हणतं की माल कशासाठी हवा आहे हे ग्राहकाने विक्रेत्याला सांगितलं असेल, तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून आहे हे दिसत असेल आणि तो माल विकणं हा विक्रेत्याचा नेहमीचा धंदा असेल, तर माल त्या कामाला पुरेसा योग्य असला पाहिजे, ही अट करारात आपोआप येते. तुम्ही ४५० वॉटचा आकडा सांगून विचारलंत, त्याने ‘चालेल’ म्हटलं. यापेक्षा नेमकं काय हवं?

याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे, ते दुकानदाराचा वकील नक्की काढेल. ठरावीक ब्रँडच्या नावाने वस्तू मागून घेतली असेल, तर विशिष्ट कामाला ती योग्य असेल अशी अट लागत नाही. म्हणून ते चॅट पुन्हा पहिल्यापासून वाचा. ‘मला अमुक मॉडेलच हवं’ असं ठरवून तुम्ही गेला होतात, की ‘एडिटिंगसाठी माझ्या पीसीला कोणतं चालेल’ असं विचारलं होतंत? पहिलं असलं तरी ‘माझ्या एसएमपीएसवर चालेल का’ हा प्रश्न तुम्ही त्याच्या भरवशावरच विचारलात, असा युक्तिवाद करता येतो, मात्र बाजू थोडी कमकुवत होते. आणि खोक्यावर ६५० वॉट छापलं होतं, ते तुम्ही वाचायला हवं होतं, असंही तो म्हणेल. खोकं तुमच्या हातात पैसे दिल्यावर आलं असेल तर ते ठासून सांगा.

कार्ड सदोष निघो वा न निघो, नाराजी लेखी कळवायला उशीर नको. माल वाजवी मुदतीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतला आणि नाकारल्याचं कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं १९३० च्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे मानलं जातं. मग साधारणपणे माल परत करण्याचा हक्क जातो आणि नुकसानभरपाईच उरते. फोनवरची बाचाबाची कामाची नाही. ईमेल करा आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पत्र पाठवा : खरेदीची तारीख, बिल क्रमांक, सिरीयल नंबर, परीक्षेत काय आढळलं, आणि ‘मी माल नाकारत आहे, पंधरा दिवसांत पैसे परत करा.’ एवढं पुरे. शिव्याशाप, धमक्या नकोत, हे पत्र पुढे आयोगासमोर वाचलं जाणार आहे.

तुमच्या बाबतीत खरी हरकत येईल ती वेगळीच : ‘हा ग्राहकच नाही, धंद्यासाठी माल घेतला आहे.’ बिल स्टुडिओच्या नावाने असल्यामुळे ती येणारच. व्यापारी कामासाठी घेतलेला माल ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर आहे, हे खरं. पण स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या अपवादात येत नाही, असं त्या कायद्यातल्या ‘ग्राहक’च्या व्याख्येच्या स्पष्टीकरणातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या निकालात सांगितलं की यंत्र स्वतः चालवणाऱ्याने एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. तेव्हा तुमच्या हाताखालचा मुलगा अडचण नाही. पण तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहा : ‘एडिटिंग मी स्वतः करतो, हेच माझ्या उपजीविकेचं साधन आहे.’ ते न लिहिल्याने तक्रारी फेटाळल्या जातात. आणि जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेतलं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करून घेतला असेल तर तेवढी रक्कम परत मागू नका.

तक्रार मुंबईत करायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ मुळे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे सांगलीतच, ती दाखल होते. मोबदला, म्हणजे मालासाठी दिलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, तक्रार मराठीत चालते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते आणि व्हिडिओद्वारे सुनावणीसाठी अर्ज करता येतो. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कायदा तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाल अपेक्षितो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ जातो, ही मनाची तयारी ठेवा. म्हणूनच आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. ती बंधनकारक आदेश देत नाही, पण दुकानदाराकडे विचारणा होते आणि पुष्कळदा तडजोड तिथेच जुळते.

दोष उघड दिसत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण त्याचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागतं. माझ्या मते तुमच्या रकमेला तो खटाटोप परवडणार नाही. त्यापेक्षा अधिकृत सर्व्हिस सेंटरची जॉबशीट (वस्तू जमा केल्याची आणि तक्रारीची नोंद) हा स्वस्त आणि वजनदार पुरावा आहे. महिना लागेल म्हणून जाणं टाळू नका, पण आधी दुकानदाराला पत्र पाठवा, मग कार्ड जमा करा. जॉबशीटवर ‘लोडवर पीसी हँग होतो’ ही तक्रार जशीच्या तशी लिहून घ्या आणि कार्ड देताना त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पूर्ण पीसी देऊ नका, त्यात लोकांच्या लग्नांचं चित्रीकरण आहे.

अडकलेल्या दोन कामांची भरपाई मागा, पण ऑर्डरचे संदेश, घेतलेली आगाऊ रक्कम, बाहेरून एडिटिंग करून घेतलं असल्यास त्याचं बिल, एवढ्यावरच. उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचं, प्रकरण इथे ओढू नका. ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘हानी’मध्ये वस्तूचं स्वतःचं नुकसान किंवा निव्वळ व्यावसायिक तोटा येत नाही. किंमत परत, भरपाई आणि खर्च हे सगळं त्याच कायद्याच्या कलम ३९ खाली मागता येतं.

पोलिसात आताच जाऊ नका. माल खराब निघणं म्हणजे फसवणूक नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ला सुरुवातीपासूनचा फसवण्याचा हेतू लागतो. एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा : बिलावरचा, खोक्यावरचा आणि कार्डावरचा सिरीयल नंबर एकच आहे का, आणि कंपनीच्या नोंदीत वॉरंटी कधीपासून सुरू दिसते. तुमच्या खरेदीच्या कितीतरी आधीची तारीख निघाली किंवा नंबर जुळले नाहीत, तर वापरलेलं कार्ड नवं म्हणून विकल्याचा संशय बळावतो. मग मला पुन्हा लिहा, तिथे मार्ग वेगळा आहे.

पत्र मिळाल्यावर दुकानदार बदलून द्यायला तयार झाला तर जरूर घ्या. नव्या कार्डाचा सिरीयल नंबर आणि बदलल्याची तारीख बिलावर लिहून घ्या. ‘माझी काही तक्रार उरली नाही’ अशा कागदावर मात्र तुमच्या पीसीवर पूर्ण एक्सपोर्ट एकदा नीट पार पडेपर्यंत सही करू नका. आणि कार्ड बदलूनही एसएमपीएस ४५० वॉटचाच राहणार असेल, तर बदली न घेता पैसेच परत मागा, किंवा एसएमपीएसचा फरक त्याने सोसावा, असं त्याच पत्रात लिहा.