"ताई, मी तर अंघोळ केली…"

"साडी पण धुतली. आता काय राह्यलं दाखवायला?" दारातून आत येताच ती हेच बोलली.

बीडकडची ऊसतोड मजूर. ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. फडावर पहाटे अंधारात पाण्याला गेली असताना मुकादमाच्या माणसानं तिच्यावर बळजबरी केली. तापाचं निमित्त सांगून ती एकटी एसटीनं माहेरी आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं तिला माझ्याकडे आणलं. अत्याचार झालेल्या बायांना दवाखान्यात, ठाण्यात सोबत करणं हे माझं काम.

मी आधी तास मोजले. पन्नासच्या वर झाले होते. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. त्यामुळे बाकी सगळं बोलणं रिक्षात झालं.

"दवाखान्यात आधी पोलिसाचा कागद मागतील?" वहिनीनं विचारलं. नाही. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत आणि ताबडतोब द्यावे लागतात. दवाखाना पोलिसांना कळवतो. पण सज्ञान बाईला तक्रार द्यायची नसेल तर तसं लिहून घेतात, औषध अडवत नाहीत. तपासणीही तिच्या संमतीनंच.

आणि अंघोळीचं? तिच्या मनगटावर वळ होते, ते नोंदले गेले. तेही नसते तरी तिचं सांगणं हाच पुरावा असतो. १९७८ साली मथुरा खटल्यात अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं होतं. मथुरा ही देसाईगंजची आदिवासी मुलगी, पोलीस ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला होता. बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मी हे तिला सविस्तर सांगितलं, कारण ओरडलो नाही याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. भीतीनं अंग दगडासारखं होतं, आवाज फुटत नाही. यात तिचा काहीच दोष नव्हता.

त्या दिवशी तिनं तक्रार दिली नाही. मीही रेटलं नाही. मालकांना, म्हणजे नवऱ्याला, कसं सांगायचं, यावर आम्ही दोनदा बसलो. अकराव्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आली.

ठाण्यात "हद्द आमची नाही" हे ऐकावं लागलंच. पण गुन्हा कुठंही घडला तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवून तो पुढे पाठवावा लागतो. बाईचा जबाब महिला अधिकाऱ्यानंच घ्यायचा. विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकीलबाई सोबत होत्या. नोंद झाली.

उठताना तिनं कोर्टाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते उचलीबद्दल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाबद्दल: "हंगाम अर्धा टाकून आलो, तर मुकादम पैशासाठी दारात येईल ना?"

आला. त्याची वेगळी तक्रार आम्ही दिली आहे.