गावात राहून मुंबई मॅरेथॉनची तयारी होते का? रनिंग क्लब लागतोच का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दारव्हा तालुक्यात शेती करता, वय पस्तिशीचं आहे, रोज पाच-सहा किलोमीटर पळता आणि मुंबईची फुल मॅरेथॉन पळायची आहे. नागपूर-पुण्यासारखे क्लब जवळपास नाहीत, तर एकट्यानं तयारी करावी की ऑनलाइन कोच लावावा, असं विचारलंय. मी आर्वी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि गावातल्याच ग्रुपबरोबर तयारी करून मुंबईची फुल पळाले आहे. माझं म्हणणं असं की एकट्यानं करू नका, आणि क्लब शोधायला नागपूरला जायची गरज नाही.

पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहा. पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे आणि पोरी दिसतीलच. आपल्या विदर्भात असं गाव विरळाच, जिथे हे दृश्य नाही. हाच तुमचा क्लब. त्यांच्याकडे शिस्त आहे, वेळ पाळायची सवय आहे, आणि एक जण आला नाही तर बाकीचे त्याच्या दाराशी जाऊन हाका मारतात. ऑनलाइन कोच वेळापत्रक चांगलं देईल, पण डिसेंबरच्या थंडीत अंथरुणातून उठवायला तो येणार नाही.

मात्र एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: त्यांच्या वेगानं पळायचं नाही. भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचे असतात आणि मुलींना ८०० मीटर. चांगला पोरगा १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढतो, म्हणजे किलोमीटरला साडेतीन मिनिटांहून कमी. तुम्हाला ४२.१९५ किलोमीटर पळायचे आहेत. ते पाच तासांत संपवायचे म्हटले तरी किलोमीटरला सात मिनिटं पुरतात. सरावातलं बहुतेक पळणं तर याहूनही हळू हवं, साडेसात-आठ मिनिटांचं. पळता पळता सलग बोलता आलं पाहिजे, ही खूण. आमच्याकडे रविवारी कापसाचा भाव आणि बोंडअळी यांवर सगळी चर्चा पळतानाच होते, आणि ज्याचं बोलणं तुटायला लागलं त्याला बाकीचे लगेच हळू करायला लावतात. पोट्टे पुढे निघून गेले की पाय आपोआप उचलतात, हे मला माहीत आहे. तिथेच मन आवरायचं. रोज जोर लावून पळणाऱ्याची नडगी महिनाभरात दुखायला लागते आणि सराव तिथेच थांबतो.

आठवड्यात चार दिवस पळणं पुरे. त्यातला एक दिवस लांब पळण्याचा, आणि खरी तयारी त्या दिवशी होते. शरीरात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते, म्हणून लांब पळणं हळूहळू वाढवत ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत न्यावं लागतं. तीन आठवडे वाढवा, चौथ्या आठवड्यात कमी करा. शेवटचे दोन-तीन आठवडे तर अंतर कमीच करत यायचं, तेव्हा घाबरून जास्त पळू नका.

आता प्रश्न असा की १६०० मीटरवाले पोट्टे तुमच्यासोबत ३० किलोमीटर कशाला येतील? त्यांनी येऊच नये, त्यांना त्याचा उपयोग नाही. आम्ही रस्ताच असा आखलाय की गावाच्या फाट्यावरून पुन्हा पुन्हा जावं लागतं. एका बाजूला अडीच किलोमीटर जायचं, परत यायचं, मग दुसऱ्या बाजूला. प्रत्येक फेरीला नवी जोडी सोबत येते. एसआरपीएफची (राज्य राखीव पोलीस दलाची) तयारी करणाऱ्यांना ५ किलोमीटर पळायचेच असतात, त्यांचाही सराव होतो. अंतर मोजायला रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आहेत, महागडं घड्याळ नसलं तरी अडत नाही. फाट्यावरच्या टपरीच्या बाकड्यावर लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची कॅन, केळी आणि गूळ-शेंगदाणे ठेवलेले असतात. एक काकाजी, ज्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, ते दर रविवारी तिथे बसून वहीत प्रत्येकाच्या फेऱ्या लिहितात. त्यांनी ‘मॅडम, अजून दोन’ म्हटलं की त्या दोन फेऱ्या होतातच.

ग्रुपचा अजून एक मोठा फायदा, जो शहरातल्या लोकांना कळणार नाही. पहाटेच्या अंधारात रानडुक्कर रस्ता ओलांडतं, वस्तीवरची कुत्री अंगावर येतात. आमच्या वर्धा जिल्ह्यात बोर, तुमच्या यवतमाळात टिपेश्वर, दोन्ही वाघांची अभयारण्यं, म्हणजे जंगलाला लागून असलेल्या रस्त्यांवर वाघाचाही विचार करावा लागतो. अशा रस्त्यावर उजाडल्याशिवाय निघूच नका, आणि एरवीही टॉर्च घेऊन तिघं-चौघं मिळूनच पळा. आमच्याकडे मुली यायला लागल्या त्याही ग्रुप झाला म्हणूनच. एकट्या पोरीला कोणत्याच आईनं पाठवलं नसतं.

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे तुमचा सराव बरोबर हंगामात येतो. पावसाळ्यात पांदण रस्ता विसरा, काळी माती बुटाला चिकटून पाय जड होतो आणि घोटा मुरगळतो. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी असेल. दिवसभर वाकून काम केलं असेल तर तोही व्यायामच धरा आणि त्या दिवशी पळू नका. पुढे हरभऱ्याचं, गव्हाचं ओलीत. ज्या आठवड्यात पंपाची लाईन रात्रीची असते आणि रात्रभर वावरात जागावं लागतं, त्या आठवड्यात लांब पळणं पुढे ढकला. झोप नसताना २५ किलोमीटर पळून काहीच हाती लागत नाही, दुखणं मात्र लागतं. वेळापत्रक शेतीप्रमाणे वाकवा. खाण्यासाठी वेगळं काही विकत आणायची गरज मला कधी वाटली नाही. भाकर, तुरीचं वरण, भात, जवसाची चटणी यावर उत्तम पळणं होतं. बूट मात्र पळण्याचेच घ्या, आणि शर्यतीला नवे घालू नका, निदान दोन लांब रविवार ते वापरलेले असावेत.

मुंबईत दोन गोष्टी आपल्याला जड जातात. पहिली हवा. आपल्याकडे जानेवारीची पहाट कोरडी, गार. तिथे समुद्राची दमट हवा असते, घाम येतो पण सुकत नाही. म्हणून वेग ठरवलेल्यापेक्षा थोडा कमीच ठेवा, आणि नुसतं पाणी ढोसत न राहता अधूनमधून मीठ-साखरेचं पाणीही घ्या. मांड्या आणि काखा घासून सोलतात, तिथे पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल भरपूर लावा. दुसरी गोष्ट पेडर रोडचा चढ. तो फुलमध्ये परतीच्या वाटेवर, पाय संपत आलेले असताना येतो. आपला मुलूख सपाट, त्यामुळे चढ शोधावा लागतो. आम्ही तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात जात होतो, तेही आधी सपाटीवर दमून मग. तुम्ही जवळच्या धरणाच्या भिंतीचा किंवा रेल्वेच्या उड्डाणपुलाचा चढ घ्या.

आणि घाई नको. फुलच्या नोंदणीसाठी आधीच्या शर्यतीचं टायमिंग सर्टिफिकेट लागतं. रोज पाच-सहा किलोमीटर पळणाऱ्यानं या हिवाळ्यात नागपूर किंवा अमरावतीची हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची, पळावी आणि मुंबई पुढच्या वर्षी धरावी, असं मी ठामपणे सांगेन. साताऱ्याच्या मोही गावची ललिता बाबर, परभणीची ज्योती गवते याही लहान ठिकाणांहूनच येऊन मुंबईत भारतीय महिलांमध्ये जिंकल्या, पण त्यामागे वर्षानुवर्षांचं पळणं होतं.

नोंदणी झाली की बडनेऱ्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढायला विसरू नका. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं आणि संक्रांतीच्या दिवसांत गाड्या भरलेल्या असतात. शर्यतीच्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, मिळत नाही, ते आधी स्वतः जाऊन घ्यावं लागतं, म्हणून शुक्रवारी सकाळी मुंबईत पोचाल असं बघा. सोबत त्या पोट्ट्यांपैकी एकाला न्या. सामान सांभाळायला आणि शर्यत संपल्यावर जिने उतरताना धरायला माणूस लागतोच.