झोपडपट्टीतल्या लोकांना पाणी खरंच फुकट मिळतं का?

फुकट? प्रश्न वाचूनच डोकं फिरलं, कारण हेच वाक्य गेल्या गणपतीत आमचे दाजी माझ्या आईसमोर बोलले आणि ते घरचे जावई म्हणून मी गप्प बसलो.

मुंबईत विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरावर आमची खोली. 2003 ची, आणि 1 जानेवारी 2000 नंतरच्या झोपड्यांना पालिका तेव्हा लाइन देत नसे, अर्ज घेऊन गेलं की परत पाठवायचे. मग खालच्या गल्लीत ज्याच्याकडे नळ त्याच्याकडून पाच रुपये हंडा. पाणी पहाटे चारला, वीसेक मिनिटं, तेही बारीक धारेने. ताई दहावीला होती, साडेतीनला उठून नंबर लावायची, डोक्यावर एक कमरेवर एक अशा चार खेपा, दीडशेच्या वर पायऱ्या. पावसाळ्यात एकदा शेवाळावरून घसरली, गुडघा फुटला, हंड्याला पोचा पडला, आणि ही रडतेय कशाला तर भरलेलं पाणी सांडलं म्हणून. बीजगणिताच्या पेपरच्या दिवशीसुद्धा आठ हंडे भरून मग गेली.

आता हिशोब करा, आठ हंडे म्हणजे साधारण 120 लिटर, रोजचे 40 रुपये. हजार लिटरला सव्वातीनशेच्या वर पडले. बिल्डिंगवाल्यांना तेव्हा हजार लिटर दहा रुपयांच्या आत मिळायचं. आणि पालिकेच्या तेव्हाच्या हिशोबात त्यांना दिवसाला माणशी 135 लिटर, झोपडीवाल्याला 45.

2014 ला हायकोर्टाने सांगितलं की 2000 नंतरच्या झोपड्यांनाही पाणी द्या. आमच्या दारात नळ यायला त्यानंतर चार वर्षं गेली, पाच घरांत एक, मीटरवाला, बिल वाटून भरतो. पहिल्या दिवशी आईने घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या धुतल्या, अख्ख्या गल्लीत वाळत टाकल्या, शेजारणी पिळायला आल्या, सणासारखं वाटत होतं.

हां, चोरून लाइन घेणारे, मोटर लावून दुसऱ्याचं पाणी ओढणारे आमच्यातही आहेत, हंडा विकणारा पण आमच्यातलाच होता. सगळ्या वस्त्या सारख्या नसतात, खालच्या सपाटीवर जुने नळ आहेत. पण फुकट म्हणायच्या आधी तुमच्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशींना विचारा, पाणी किती वाजता येतं आणि महिन्याला किती जातात.

दाजी माणूस वाईट नाहीत. ताईची मान दुखते, डॉक्टरकडे तेच घेऊन जातात. फक्त ती मान कशाने गेली हे त्यांनी तिला अजून एकदाही विचारलेलं नाही.